पेवातली खोली

रविवार, १६ सप्टेंबर १९७९. घट बसायला आठवडाही उरला नाही, म्हणून आज शाळेच्या सुट्टीत गोधड्या धुवायला काढल्या. अंगणात तीन दगड मांडून मोठ्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळलं, एकेक गोधडी भिजवली, पायानं तुडवली. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दुसरं टोक शेजारच्या काकूंनी धरलं होतं. पाचवी की सहावी गोधडी पिळताना त्या थांबल्या आणि कोपऱ्यातल्या भोकात बोट घालून म्हणाल्या, “उंदरानं खाल्ली का वो बाई?”

“नाही. खिळा ठोकला होता.”

“गोधडीला?”

“भिंतीला. मध्ये गोधडी होती.”

काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पिळायला लागल्या.

ही भोकं आमच्या शाळेतल्या सरांनी पाडली. चारी कोपऱ्यांना चार. सर यंदा आषाढात गेले, काविळीनं, वाटूरला. काल त्यांच्या बायकोचं पत्र आलं. त्यात मला एक काम सांगितलंय. काम मिनिटभराचं आहे, पण ते मला जमेल याची खात्री नाही. म्हणून गोधड्या वाळत घातल्या आणि लिहायला बसले. सर कसे होते ते आधी नीट आठवून बघते.

सर तीर्थपुरीला आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. मी खालच्या वर्गांना मराठी आणि मुलींना शिवण. सर उंच, हडकुळे. सदरा पांढरा, इस्त्री नसली तरी स्वच्छ. कुठल्याही खोलीत पाय टाकला की बसायच्या आधी ते मधोमध उभे राहायचे आणि एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान जराशी कलती करून थांबायचे आणि मगच बसायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, हे कुणाला तरी बोलवताहेत. चहाच्या दुकानातला पोऱ्या दोनदा धावत आला होता.

“खोली बोलती, बाई,” ते म्हणायचे. “आपुनच ऐकून घेत न्हाई. आवाज कुठून आला ते सोडा. कुठं जाऊन थांबला ते ऐका.”

शाळातपासणीला आलेल्या साहेबांच्या समोर त्यांनी टाळी वाजवली. साहेब दचकले. हेडमास्तरांनी घाईघाईनं सांगितलं, “सरांची सवय आहे ती.” साहेबांनी विचारलं, “कसली?” सर म्हणाले, “ही खोली लई बडबडी हाय, साहेब. तुम्ही जे बोलाल ते तिला दोनदा ऐकू येतं.” साहेब त्या दिवशी कमी बोलले, एवढा फायदा झाला.

पण हे सगळं हसण्यावारी न्यावं असंही नव्हतं. आमच्या एका सहकाऱ्याची आई वारली. आम्ही सगळे भेटायला गेलो. आत बायका रडत होत्या, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकलेली. सर उंबऱ्याच्या आत आले, उभे राहिले आणि टाळी वाजवली. रडणं थांबलं. एक म्हातारे गृहस्थ उठूनच उभे राहिले. मला वाटलं, आता मारतात. सरांनी हात जोडले. “माफ करा. हात उठला. मागं आल्तो तेव्हा ही खोली लहान होती. माणूस गेलं की खोली मोठी होऊन जाती.” त्यांना खाली बसवलं गेलं. कुणी मारलं नाही. ज्याची आई गेली होती तो नंतर मला म्हणाला, बाकी सगळ्यांचं बोलणं मी विसरलो.

गावातल्या बहुतेक खोल्यांबद्दल सरांचं मत ठरलेलं असे. आमची शिक्षकांची खोली म्हणजे पत्र्याचा डबा. बाजारातलं गोदाम बरं, पण सरकी भरली की मुकं होतं. देवळाचा सभामंडप त्यांनी कधी तपासला नाही. का, ते मी विचारलं नाही.

जालन्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी जुना टेपरेकॉर्डर आणला. दोन चकत्यांचा, पेटीएवढा. त्यावर त्यांनी कोंबड्या भरल्या, एसटी भरली, पाढे म्हणणारा वर्ग भरला, आणि ऐकून तोंड वाकडं केलं. मला म्हणाले, “रेडिओवर तबला लागतो ना, बाई, तेव्हा एकटा तबला वाजत न्हाई. त्याच्या भवती खोली वाजती. मोठी खोली. वाजवणारा गादीवर बसलाय, दार लावलंय, काचेच्या पल्याड कुणीतरी जीव लावून ऐकून राह्यलंय, हे सगळं त्या खोलीवरून कळतं. आमच्या घरी वाजवलं की काय कळतं? पत्रे कळतात.”

“पण तुमच्या घरी वाजवणार कोण?”

“बा,” ते म्हणाले. “बाची हलगी.”

आता त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. सरांचे वडील गावकीत हलगी वाजवायचे. लग्न, जत्रा, दवंडी, मयत, प्रत्येकाचा बाज वेगळा, आणि हाक आली की जावं लागे. वाजवायचं ते दारात, अंगणात, वेशीत उभं राहून. मोबदला म्हणून भाकरी. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली. परत आले त्या दिवशी हलगीचं कातडं फाडून टाकलं आणि वस्तीतल्या सगळ्यांसमोर शब्द दिला, की यापुढं या गावाला माझी हलगी ऐकू येणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. हलगीचं नुसतं कडं उरलं, त्यावर त्यांच्या घरात तापलेला तवा ठेवत.

बहात्तरच्या दुष्काळात म्हातारे खडी फोडायला गेले. वर्षभर हातोडा धरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना घाई सुटली. बाज एकट्या म्हाताऱ्यांच्या हातात होते. ती बोटं मिटली की संपले.

“ते संपावेत असंच तुमच्या वडिलांना वाटतंय ना?” मी विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

“गावकी संपावी असं वाटतंय. मलाबी तेच वाटतं,” सर म्हणाले. “पर त्या हातात जे हाय ते गावानं न्हाई दिलेलं, बाई. ते बाचं सोताचं हाय. गावानं त्याला उनात उभं करून ऐकलं. मला त्याला खुर्चीवर बसवून, मोठ्या खोलीत, दार लावून ऐकायचंय.”

म्हाताऱ्यांना तयार करायला त्यांना चार महिने लागले. शेवटी म्हातारे तयार झाले ते एका अटीवर. आवाज भिंतीबाहेर जाता कामा नये. एक थाप जरी बाहेर गेली तरी आपण उठणार.

म्हणून गोधड्या. सरांच्या घरात तीनच होत्या. त्यांनी माझ्याकडे मागितल्या, मी सहा दिल्या. सासूबाई म्हणाल्या, “परत आल्या की धुऊन घे.” सरांनी त्यांच्या खोलीच्या चारी भिंतींना खिळे ठोकून गोधड्या टांगल्या, वर पत्र्याखाली पोती ताणली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. वस्तीतल्या बाया विचारू लागल्या, “सरांकडं पाव्हणे किती येऊन राह्यले?”

त्या रविवारी दुपारी माझं काम बाहेर ओट्यावर बसण्याचं होतं. आवाज ऐकू आला तर हात वर करायचा. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, फटीतून माझ्याकडे बघत राहायचं आणि आत सांगायचं. दार लागण्यापूर्वी मी म्हाताऱ्यांना पाहिलं. सरांनी त्या कड्याला नवं कातडं चढवून आणलं होतं. म्हातारे ते शेगडीवर धरून शेकत होते, मधूनच बोटानं टिचकी मारत होते. मग खुर्चीवर बसले आणि त्यांची पंचाईत झाली.

“बसून कसं वाजवावं रं?” ते म्हणाले. “पाय काय करतेत तवा?”

“पायांना काम न्हाई, बा. आराम करू द्या त्यांना.”

“आं? मंग हाताला ताल कोण सांगल?”

दार लागलं. मी दीड तास ओट्यावर बसले होते. बाजूच्या घरी कुणी तरी लाकडं फोडत होतं, तेवढं ऐकू आलं. हात वर करायची वेळ आली नाही. दार उघडलं तेव्हा म्हातारे घामानं भिजले होते, बोटं ताठ, आणि खुर्चीवर मागं टेकून बसले होते. मला म्हणाले, “आलं का काही भाईर?”

“नाही. काहीसुद्धा नाही.”

“बराबर,” म्हातारे म्हणाले, आणि हलगीचं कातडं त्यांनी आपल्या हातानं पुन्हा फाडलं. सर उठले होते, ते परत बसले. ही एकच टेप होती आणि एकच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी गोधड्या परत आल्या. त्या मी त्याच दुपारी धुतल्या. सासूबाईंनी सांगितलं होतं म्हणून धुतल्या. दुसरं कारण नव्हतं, आणि ते मी इथं लपवत नाही. संध्याकाळी सर वाटेनं चालले होते. तारेवर सहाच्या सहा ओल्या गोधड्या. त्यांनी पाहिल्या. थांबले. म्हणाले, “खिळ्याची भोकं धुऊन जायची न्हाईत, बाई. माफी असावी.” आणि पुढे गेले.

ती टेप त्यांनी मला शाळेत ऐकवली. प्रत्येक बाजाच्या आधी म्हाताऱ्यांचा आवाज, “हा लग्नाचा,” “हा जत्रंचा,” “हा मयताचा,” आणि मग थाप. थाप स्वच्छ होती, पण पोत्यात घालून बडवल्यासारखी. जिथं पडली तिथंच मेली. गोधड्यांनी सगळं पिऊन टाकलं होतं.

“कोरडी हाय,” सर म्हणाले. “गोधड्या लावल्या नसत्या तर बानं वाजवलं नसतं. लावल्या तर खोली उरली न्हाई. आता ह्याला खोली भाईरून आणावी लागंल.”

यानंतर जे झालं त्याची सुरुवात मी केली.

आमच्या अंगणात पेव आहे. जमिनीखाली खणलेलं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठ्या खोलीएवढं. पेवात जोंधळा भरून तोंड दगडानं आणि मातीनं लिंपायचं. दुष्काळात ते तळापर्यंत रिकामं झालं होतं. पुढच्या सालचा जोंधळा आला आणि फाल्गुनात ते भरायचं ठरलं. मी शाळेत सहज बोलले, की पेव उघडून आत डोकावले आणि गडी माणसाला हाक मारली, तर माझीच हाक सावकाश फिरून परत आली. सरांच्या हातातला खडू खाली पडला.

त्याच संध्याकाळी ते आमच्या अंगणात. पेवाच्या तोंडाशी पालथे झोपून त्यांनी आत हात घालून टाळी वाजवली. बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा कपाळाला माती. “बाई, ही खोली हाय,” ते म्हणाले. “भरायला किती दिवस हायेत?”

“पंधरा.”

बंद पेवात दूषित हवा साठते, माणूस गुदमरतो. दोरीला कंदील बांधून सोडला तो विझला. दोन दिवस तोंड उघडं ठेवलं, मग विझला नाही. मग सर शिडीवरून उतरले. गावातल्या लाउडस्पीकरवाल्या चाचांकडून त्यांनी दुसरा टेपरेकॉर्डर आणि स्पीकरची पेटी आणली होती. चाचा म्हणाले, “सर, कर्णा ले जाओ ना. तीन गावांत ऐकू जाईल.”

“चाचा, तीन गावांत न्हाई. एका खोलीत ऐकवायचंय.”

रीत अशी. पेटी तळाशी, तोंड भिंतीकडं. वर एका मशिनवर म्हाताऱ्यांची कोरडी टेप लावायची, ती आत वाजेल. वरून सुतळीला माइक सोडायचा, त्यात पेवाचा घुमारा येईल, तो दुसऱ्या मशिनवर भरायचा. तोंडावर दगड, त्यावर आमची गोधडी. सुतळीला वीत-वीतभरावर गाठी मारलेल्या. पहिल्या दिवशी माइक वरच्या गाठीवर ठेवला, तर थापांचा नुसता काला झाला. खाली घेतला तर कोरडेपणा तसाच. “घुमारा मिठावानी पाहिजे,” सर म्हणायचे. “जिभेला कळावं, पर मीठ खाल्लं असं वाटू नये.” तळाला त्यांनी कडबा पसरला, दुसऱ्या दिवशी अर्धा काढला. तिसऱ्या गाठीवर, अर्ध्या कडब्यावर, ते झालं.

मी ऐकलं. मला गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही. पण डोळे मिटले तर समोर उंच छताची खोली उभी राहिली आणि तिच्या मध्यावर एक माणूस खुर्चीवर बसून वाजवत होता. प्रत्येक थाप भिंतीपर्यंत जायची, तिला शिवून परत यायची आणि पुढच्या थापेला जागा करून द्यायची. सरांनी कानातून काही काढावं तसं बोट फिरवलं आणि म्हणाले, “बा बसला. शेवटी बसला.” ते चाचणीचं होतं. सगळी टेप एकसलग भरायची ती दुसऱ्या दिवशी, रविवारी.

रविवारी सासूबाई लेकीकडं गेल्या होत्या, घरचे शेतात. सर पेवात उतरून बसले होते, माइक हलू नये म्हणून. तोंडावरचा दगड थोडा सरकवून हवेपुरती फट ठेवली होती आणि फटीवर गोधडी. मी वर मशिनपाशी. लग्नाचा बाज झाला, जत्रेचा झाला, मयताचा सुरू झाला. मला अंगणात काही ऐकू येत नव्हतं. आणि गल्लीतून बायका यायला लागल्या. डोक्यावर पदर, तोंडं उतरलेली.

“कोण गेलं वो?” पहिलीनं विचारलं.

“कोण गेलं म्हणजे?”

“हलगी वाजून राह्यली ना! मयताची.”

आमच्या पेवाला लागून शेजारच्या घरचं पेव आहे. घुशींनी दोन्हीच्या मधून बीळ पाडलं होतं. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शेजारचं पेव त्या दिवशी भरण्याआधी धुरी द्यायला उघडं ठेवलेलं. आमच्याकडून गेलेला आवाज तिकडच्या तोंडातून बाहेर पडला होता आणि गल्लीभर पसरला होता. तोवर पंधरा-वीस माणसं अंगणात. कुणी टोपी काढलेली, एकजण रडायच्या तयारीत, फक्त कुणासाठी ते ठरायचं होतं. मी मशिन बंद केलं.

शेजारचे आप्पा काठी टेकत आले. वय ऐंशीच्या घरात, नजर अधू, कान शाबूत. ते रडत नव्हते. त्यांचा चेहरा फुललेला होता.

“हा हात वळखतो मी,” ते म्हणाले. “इतक्या सालांनी! आला का आखरीला वाजवायला? कुठं उभा हाय त्यो? बोलवा त्याला. भाकर द्या.”

दगड सरकला. सर पेवातून वर आले. केसांत कडबा, सदरा मातीनं भरलेला. त्यांनी शेवटचे दोन शब्द ऐकले होते. कुणाकडेही न बघता त्यांनी सुतळी वर ओढली, हातावर गुंडाळली, टेप काढून खिशात घातली आणि गेले. मशिन्स मी चाचांकरवी पाठवली.

मी तेव्हा कपाळाला हात लावून बसले नाही, पण एक गोष्ट मला कळली ती लिहून ठेवते. ज्या अंगणात म्हाताऱ्यांना उभं करत, ते हेच अंगण. माझे सासरे ओट्यावर बसायचे, म्हातारे खाली उन्हात. मी पेव देऊ केलं तेव्हा मला ते आठवलं नाही. आठवायची मला गरज पडत नव्हती, म्हणून आठवलं नाही. सरांना आठवलं असणार. त्यांनी खोलीसाठी ते गिळलं.

म्हाताऱ्यांपर्यंत बातमी पोचायला तासभर पुरला. सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. म्हातारे त्याच खुर्चीवर होते. सर भिंतीला टेकून उभे. मी म्हटलं, “चूक माझी आहे. पेव मी दिलं.”

“बसा, बाई,” म्हातारे म्हणाले. मी बसले. “तुमचे सासरे वाईट मानूस नव्हते. भाकर कधी शिळी दिली न्हाई. पर वीस सालात ‘आत ये’ म्हनले न्हाईत. मी शबुद दिल्ता, त्या अंगनाला माझा आवाज पुन्ना ऐकू येनार न्हाई. आन ह्यानं मला जिमिनीखालून नेऊन तिथंच वाजवलं.” मुलाकडे न बघता ते म्हणाले, “पूस ते.”

“बा, पेवातली टेप भरलीय अर्धीच. एकदा ऐका. मंग पुसतो.”

“ऐकून काय करू?”

“तुमी कधी ऐकलंच न्हाई तुमचं. वाजवणाऱ्याला ऐकू येत न्हाई.”

सरांनी टेप लावली. त्या पत्र्याच्या खोलीत ती मोठी खोली उभी राहिली. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. त्यांची आखडलेली बोटं मांडीवर हलत होती. मयताचा बाज अर्ध्यात तुटला, जिथं मी मशिन बंद केलं होतं.

“चांगली खोली हाय,” ते म्हणाले. “लई चांगली हाय. पर आपली न्हाई. पूस.”

“आणि घरची?” सरांनी विचारलं. “कोरडी?”

“ती राहू दे. ती हितं वाजली. आपलं घर एवढंच हाय, मंग एवढंच ऐकू येऊ दे. पुढं आपली मोठी खोली झाली, तर तिच्यात लाव. दार लावून.”

टेप पुसायची म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरायचं. सरांनी बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या. आम्ही तिघं बसून होतो, मशिन पुसत होतं. म्हातारे दोनदा खोकले. माझ्या बांगड्या वाजल्या. बाहेर वहिनींनी बादली ठेवली. माइक मशिनला लावलेलाच होता. सर तो काढायचे विसरले, असं मी समजले.

चार वर्षांनी सरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते मला म्हणाले, “पुसलेली टेप मी कधी कधी लावतो, बाई. तुमच्या बांगड्या हायत. बाचा खोकला हाय. ती आमच्या घराची खोली हाय. मला ती आधी लहान वाटायची.” म्हातारे त्याच्या दोन वर्षं आधीच गेले होते. कोरडी टेप सरांनी पुन्हा कधी लावली नव्हती.

वाटूरला त्यांनी जागा घेतली आणि खोली बांधायला काढली. घर नव्हे, खोली; घर तिच्या कडेनं होतं. जाड भिंती, उंच छत, दार लहान, खिडक्या दोनच. पत्रांतून मापं कळवायचे. मी एकदा एसटी स्टँडवर वहिनींना भेटले, तर त्या म्हणाल्या, “सैपाकघर त्याच्या निम्मं न्हाई, बाई. म्हनते, सैपाकघराला ऐकायचं काय असतं?” वैशाखात स्लॅब घातला. आषाढात सर गेले.

वहिनींनी लिहिलंय: ‘त्यांनी सांगून ठेवलं होतं, खोली बराबर झाल्याबिगर बाची टेप लावायची न्हाई. खोलीला चुना झाला. पन बराबर झाली का न्हाई ते आमाला कळत न्हाई. त्यांचं ऐकून ऐकून तुमालाच काही ठावं असेल. येऊन एकदा टाळी वाजवून सांगा.’

मी आयुष्यात कुठल्या खोलीत टाळी वाजवलेली नाही. गोधड्या अजून ओल्या आहेत.

मंगळवार, १८ सप्टेंबर. काल सकाळी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि मी दोन गाड्या बदलून वाटूरला गेले. भोकांच्या गोधड्या टांगायला नेल्या नाहीत; त्या तारेवरच राहू दिल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. मी उंबऱ्याशी थांबले.

“आत या ना, बाई,” त्या म्हणाल्या.

चपला काढून मी आत गेले. चुन्याचा वास होता, मधोमध एक रिकामी खुर्ची, भिंतीपाशी मशिन. मी खुर्चीशेजारी उभी राहिले आणि एक टाळी वाजवली. मान कलती करून थांबले. आवाज भिंतींपर्यंत गेला, छताला लागला, सावकाश खाली आला आणि खुर्चीपाशी थांबला.

“बराबर आहे,” मी म्हटलं.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मशिनपाशी बसल्या. मी दोन्ही खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली, आणि त्यांना म्हटलं, लावा.